रेघेबाहेरचा माणूस



पोळा होतो, झड उघडते आणि आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या शाळांच्या मैदानांवर पोरे फुटबॉल घेऊन उतरतात. काळी जमीन अजून ओली असते. पायाला चिखलाचे गोळे चिकटतात आणि चेंडू भिजून ढेकळासारखा जड होतो. तरी खेळ थांबत नाही. फुटबॉल हा गरिबाला परवडणारा खेळ आहे. चेंडू एक असला आणि दोन्ही टोकांना दोन दोन विटा मांडल्या की बावीस पोरांचे भागते. जरा बरी शाळा असेल तर मैदानाच्या चारी बाजूंना चुन्याच्या फक्कीने रेघ ओढलेली असते. रेघेच्या आत पोरे पळत असतात. रेघेच्या बाहेर एक माणूस उभा असतो. त्याच्या गळ्यात शिट्टी असते, डोक्यावर रुमाल असतो आणि घसा बसलेला असतो. तो गोल मारीत नाही आणि गोल अडवीतही नाही. टाळ्या पडतात त्या आतल्या पोरांना. पण हाच बाहेरचा माणूस जेव्हा जग सोडून जातो, तेव्हा काही ठिकाणी अख्खे शहर रडते आणि काही ठिकाणी कोणाला पत्ताही लागत नाही. असे का होते, आणि त्यात आपण कुठे बसतो, याचा विचार आज करू या.

हा विषय मला का सुचला ते आधी सांगतो. आमच्या शाळेत एक ड्रिलमास्तर होते. त्यांचे नाव मुद्दामच सांगत नाही. तुम्हांला तिथे आपापल्या मास्तरांचे नाव घालता येईल. त्यांचा एक नियम होता. खेळ सुरू होण्याआधी प्रत्येक पोराने मैदानातले दहा गोटे वेचून कुंपणापाशी टाकायचे. दहा म्हणजे दहा. नऊ टाकून पळणाऱ्याला ते पुन्हा पाठवीत. आम्हांला तो जाच वाटे. मास्तर निवृत्त झाले, आपल्या गावी गेले आणि एका मे महिन्यात वारले. मला ते कळले तेरवी होऊन गेल्यावर, एस.टी. स्टँडवर भेटलेल्या एका जुन्या सोबत्याकडून.

"अरे, मास्तर गेले ना आपले!"

"केव्हा? कोण कोण होतं?"

"घरचे होते. आपल्यातले तिघं."

मास्तरांच्या शिट्टीवर पळालेली पोरे शेकड्यांनी मोजावी लागतील. त्यांतले तिघे. माझी गाडी लागली, मी चढून बसलो. तो आकडा मात्र अजून माझ्या मनातून उतरलेला नाही.

आता जगात दुसरीकडे काय होते ते पाहू. इंग्लंडात फुटबॉलच्या प्रत्येक मोठ्या संघाला एक मॅनेजर असतो. हा आपल्या बँकेतला मॅनेजर नव्हे. कोणता खेळाडू घ्यायचा, कोणाला कुठे उभे करायचे, कोणाला बसवून ठेवायचे, हरल्यावर शिव्या कोणी खायच्या, हे सगळे त्याच्याकडे. आपल्याकडच्या शब्दांत सांगायचे तर आखाड्यातला वस्ताद, शाळेतला मास्तर आणि घरचा कर्ता हे तिन्ही एकाच माणसात आले की फुटबॉलचा मॅनेजर होतो.

असाच एक मॅनेजर होता मॅट बस्बी. त्याचा जन्म १९०९ साली स्कॉटलंडमध्ये, लॅनर्कशायर नावाच्या मुलुखात झाला. आपल्या शेजारचा वणी-बल्लारपूरचा भाग जसा कोळशाच्या खाणींचा, तसाच तो मुलूख. बाप खाणीत कामाला होता, तो पहिल्या महायुद्धात मारला गेला. बस्बी स्वतःही पोरवयात खाणीत उतरला. गंमत अशी की ब्रिटनमध्ये फुटबॉलचे जे थोर मॅनेजर मानले जातात, त्यांतले बस्बी, बिल शँक्ली आणि जॉक स्टीन हे तिघेही स्कॉटलंडच्या खाणवस्त्यांत वाढलेले आणि तिघेही खाणीत राबलेले. जमिनीखाली काम करताना शेजाऱ्यावर जीव टाकावा लागतो. एकट्याच्या हुशारीने तिथे कोणी वाचत नाही. संघ कसा बांधावा याचा पहिला धडा त्यांना तिथेच मिळाला, असे म्हटले तर चूक होणार नाही.

दुसरे महायुद्ध संपले त्या वर्षी, म्हणजे १९४५ साली, बस्बी मँचेस्टर युनायटेड या संघाचा मॅनेजर झाला. संघाचे मैदान जर्मन बॉम्बनी उद्ध्वस्त केलेले होते, म्हणून पहिली काही वर्षे त्यांनी शेजारच्या संघाच्या मैदानावर सामने खेळून काढली. बस्बीने महागडे खेळाडू विकत घेण्यापेक्षा पंधरा-सोळा वर्षांची पोरे हेरली आणि वाढवली. लोक त्यांना बस्बीची पोरेच म्हणत. ६ फेब्रुवारी १९५८ रोजी परदेशातला सामना खेळून परत येताना जर्मनीतल्या म्युनिक शहरी त्यांचे विमान बर्फाच्या चिखलातून उडता उडता कोसळले. त्यात २३ माणसे गेली, त्यांत ८ खेळाडू. बस्बी स्वतः इतका जखमी होता की धर्मगुरूंनी त्याच्यासाठी शेवटची प्रार्थना दोनदा म्हटली. तो वाचला. परत आला. उरलेल्यांना घेऊन त्याने नव्याने संघ उभा केला आणि दहा वर्षांनी, १९६८ साली, युरोपचा अजिंक्य चषक जिंकला. त्या दिवशी मैदानावर त्याला मिठी मारणाऱ्यांत म्युनिकच्या अपघातातून वाचलेले खेळाडूही होते.

बस्बी वारला २० जानेवारी १९९४ रोजी. मॅनेजरपद सोडून त्याला वीसहून जास्त वर्षे लोटली होती. तरीही बातमी कळताच माणसे मैदानाच्या फाटकापाशी येऊ लागली. कोणी फुले ठेवली, कोणी गळ्यातला तांबडा मफलर काढून कुंपणाला बांधला. दोन दिवसांनी तिथे सामना होता. एकटा वादक स्कॉटलंडची मशकवीणा वाजवीत पुढे चालला आणि त्याच्यामागून दोन्ही संघ मैदानात आले. मग हजारो माणसे उभी राहून एक मिनिट गप्प राहिली. फुटबॉलच्या मैदानावर कधी गेला असाल तर त्या शांततेचा अर्थ तुम्हांला कळेल. जिथे माणूस ओरडायलाच येतो, तिथे तो गप्प राहतो, ही त्याने दिलेली सगळ्यांत मोठी भेट असते.

इथे एक प्रश्न पडतो. त्या गर्दीत विशी-बाविशीतली पोरे होती. बस्बीचा संघ त्यांनी डोळ्यांनी पाहिलेला नव्हता. मग ती का रडली? त्यांच्या बापांनी, आजोबांनी त्यांना सांगितले होते म्हणून. आपल्याकडे जुन्या पैलवानाची कुस्ती न पाहिलेला नातूसुद्धा ती कुस्ती डावासकट सांगतो ना, तसेच. खेळाडूची आठवण ज्याने त्याला पाहिले त्याच्यापाशी असते. गुरूची आठवण घराघरांतून खाली उतरत येते.

आणखी एक भेद आहे, आणि माझ्या मते तोच मुख्य आहे. खेळाडू जातो तेव्हा आपण त्याने मारलेले गोल आठवतो. ते त्याचे असतात, मोजता येतात, चित्रपटात दिसतात. गुरूचे काम असे कुठे दिसत नाही. ते दुसऱ्यांच्या पायांत आणि हातांत साठवलेले असते. शिष्य गावोगाव पांगलेले असतात, म्हणून ते काम एका जागी कधी पाहायला मिळत नाही. गुरूची अंत्ययात्रा हाच तो एक दिवस, की त्या दिवशी ही सगळी माणसे एका जागी येतात आणि गुरूने काय केले ते लोकांना एकदम, एका नजरेत दिसते.

याचा दाखला आपल्या महाराष्ट्रातच मिळतो. तिथे खेळ दुसरा आहे, क्रिकेटचा, पण माणूस त्याच वाणाचा. रमाकांत आचरेकर सरांचे नाव तुम्ही ऐकले आहे. स्वतः सरांच्या नावावर प्रथम श्रेणीचा सामना किती? फक्त एक. १९६३ साली स्टेट बँकेच्या संघाकडून खेळलेला. पण दादरच्या शिवाजी पार्कच्या मातीत त्यांनी पोरे घडवली आणि त्यांतून सचिन तेंडुलकर, विनोद कांबळी, प्रवीण आमरे, चंद्रकांत पंडित, बलविंदरसिंग संधू, अजित आगरकर असे कितीतरी खेळाडू देशाकडून खेळले. सरांची एक रीत प्रसिद्ध आहे. सचिन दमला की ते मधल्या यष्टीवर एक रुपयाचे नाणे ठेवीत. जो गोलंदाज त्याला बाद करील, नाणे त्याचे. कोणीच बाद केले नाही तर नाणे सचिनचे. अशी तेरा नाणी त्याने जपून ठेवली. दमलेल्या पोराला जागे कसे ठेवावे, हे त्या एका रुपयात आले. शिक्षक बंधू-भगिनींनी हे ध्यानात घ्यावे. साधन महाग असावे लागत नाही.

सर २ जानेवारी २०१९ रोजी गेले. दुसऱ्या दिवशी त्यांचे पार्थिव शिवाजी पार्कवर आणले. जिथे त्यांनी आयुष्य काढले त्याच मैदानावर लहान पोरांनी दोन रांगा केल्या, बॅटी वर उचलून धरल्या आणि त्या बॅटींच्या कमानीखालून सर निघाले. खांदा द्यायला सचिन होता. त्याच दिवशी सातासमुद्रापार सिडनीला भारताचा कसोटी सामना सुरू होत होता. तिथे आपल्या खेळाडूंनी दंडाला काळ्या फिती बांधल्या. शासकीय इतमामाने अंत्यसंस्कार व्हायला हवे होते, ते का झाले नाहीत, यावरून पुढे वादही झाला. पद्मश्री मिळालेला माणूस, तेव्हा लोकांना वाईट वाटणे साहजिक होते. पण मला विचाराल तर बंदुकीच्या सलामीपेक्षा त्या पोरांच्या बॅटी मोठ्या. सलामी देणारा शिपाई गुरूला ओळखत नसतो. बॅट धरणाऱ्या पोराची पकड मात्र त्याच मैदानाच्या शिकवणीतून आलेली असते. पुढे ३ डिसेंबर २०२४ रोजी शिवाजी पार्कलाच सरांच्या स्मारकाचे अनावरण झाले. तेही शिष्याच्या, सचिनच्या हातून.

आता पुन्हा फुटबॉलकडे वळू आणि अशा एका माणसाची गोष्ट पाहू, की ज्याची गोष्ट आपल्या शिक्षकांनी तर जरूर ऐकावी. कारण तो स्वतः शाळामास्तर होता. सय्यद अब्दुल रहीम हे त्यांचे नाव. जन्म हैदराबादचा, १७ ऑगस्ट १९०९चा. म्हणजे बस्बी आणि रहीम एकाच वर्षी जन्मले. आपला मराठवाडाही १९५६पर्यंत त्याच हैदराबाद राज्यात होता, तेव्हा माणूस काही फार परका नव्हे. उस्मानिया विद्यापीठाची पदवी घेऊन रहीमसाहेबांनी काचीगुडा, दारुल-उलूम, चादरघाट अशा शाळांत शिकवले. पुढे शारीरिक शिक्षणाचे प्रशिक्षण घेतले आणि शाळेतल्या खेळांचे काम पाहू लागले. १९४३ पासून ते हैदराबाद फुटबॉल संघटनेचे चिटणीस होते आणि १९५० पासून हैदराबाद शहर पोलिसांच्या संघाचे प्रशिक्षक.

त्यांची शिकवण्याची रीत ऐका. त्यांनी पोरांच्या दोन तऱ्हेच्या स्पर्धा भरवल्या. एकीत चेंडू पायाशी घोळवायला बंदी. आला की लगेच सोबत्याला द्यायचा. त्यामुळे पोराला चेंडू येण्याआधीच मान वर करून सोबती कुठे आहे ते पाहावे लागे. दुसऱ्या स्पर्धेत नेहमीच्या पायाने मारायला बंदी. उजव्या पायाच्या पोराने डाव्यानेच मारायचे. त्यामुळे दोन्ही पाय तयार होत. याला ना पैसा लागला ना यंत्र. फक्त नियम बदलला. एकीने पोर आपलपोटेपणा विसरला आणि दुसरीने आपली उणीव ओळखून ती भरून काढायला शिकला. खेळाचा हा धडा वर्गातही चालतो, हे तुम्हांला सांगायला नको.

या रीतीचे फळ मुंबईच्या लोकांनी पाहिले. १८९१ साली सुरू झालेली रोव्हर्स चषक स्पर्धा मुंबईत कूपरेजच्या मैदानावर होई. रहीमसाहेबांच्या पोलीस संघाने ती १९५० ते १९५४ अशी लागोपाठ पाच वर्षे जिंकली. दरम्यान देशाच्या संघाची जबाबदारीही त्यांच्याकडे आली. १९५१ साली दिल्लीला पहिले आशियाई क्रीडासामने झाले, त्यांत त्यांच्या संघाने इराणला हरवून सुवर्णपदक मिळवले. पुढच्याच वर्षी हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाने आपल्याला दहा विरुद्ध एक असे लोळवले. आपले बहुतेक खेळाडू अनवाणी होते. त्या पराभवानंतर बूट सक्तीचे झाले. चारच वर्षांनी, १९५६ साली, मेलबर्नच्या ऑलिंपिकमध्ये भारताने खुद्द ऑस्ट्रेलियाला चार विरुद्ध दोन असे हरवले. त्यातले तीन गोल मुंबईच्या टाटा संघाकडून खेळणाऱ्या नेव्हिल डिसूझाचे. भारत त्या वर्षी चौथा आला. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये याहून वर आपण कधी गेलो नाही.

आणि मग १९६२चे जकार्ता. पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाने दोन गोलांनी हरवले. पुढच्या सामन्यात बचाव फळीचा आधारस्तंभ जर्नेलसिंग याचे डोके फुटले, टाके पडले. रहीमसाहेबांनी त्याला बसवून ठेवले नाही, आणि मागेही ठेवले नाही. त्याला थेट आघाडीला नेले. राखणीचा बैल नांगराला जुंपावा तसेच काहीसे! पण उपान्त्य सामन्यात त्याने गोल केला. ४ सप्टेंबर १९६२ रोजी अंतिम सामना पुन्हा दक्षिण कोरियाशीच होता. इस्रायल आणि तैवान यांना सामन्यांतून वगळल्याबद्दल एका भारतीय क्रीडाधिकाऱ्यांनी हरकत घेतली होती, त्यामुळे लाखभर प्रेक्षक आपल्याविरुद्ध खवळलेले. त्या गर्दीत पाकिस्तानचे हॉकी खेळाडू भारताच्या बाजूने ओरडत होते, अशी आठवण आपले खेळाडू पुढे सांगत. पहिला गोल पी. के. बॅनर्जी यांनी केला, दुसरा डोक्याला टाके पडलेल्या जर्नेलसिंगने. भारत दोन विरुद्ध एक असा जिंकला. चुनी गोस्वामी कप्तान होते. मुंबईच्या टाटा संघाचे, मूळचे गोव्याचे फॉर्च्युनाटो फ्रँको त्या संघात होते.

त्या वेळी रहीमसाहेबांना फुप्फुसाचा कर्करोग जडलेला होता. ११ जून १९६३ रोजी ते गेले. जकार्ताच्या विजयाला वर्षही झाले नव्हते. वय अवघे त्रेपन्न.

त्यानंतर काय झाले? आशियाई सामन्यांत १९७० साली एक कांस्यपदक आले, पण फुटबॉलचे सुवर्ण पुन्हा कधी आले नाही. १९६०च्या रोमनंतर भारताचा फुटबॉल संघ ऑलिंपिकला गेलेला नाही. हे सगळे एका माणसाच्या जाण्याने झाले, असे म्हणणे न्यायाचे होणार नाही. इतर देशांनी पैसा ओतला, लहान वयापासून शिक्षण सुरू केले आणि ते पुढे गेले. तरी एक गोष्ट खरी. चेंडू न घोळवण्याची स्पर्धा, डाव्या पायाची स्पर्धा या फुकटात करता येण्यासारख्या गोष्टी होत्या. देशभरच्या शाळांत त्यांची रीत पडली नाही. आपण गुरूसाठी हळहळलो, पण त्याची दौत-लेखणी उचलली नाही. अनेकांना तर रहीम हे नाव कळले ते २०२४ साली त्यांच्यावरचा हिंदी चित्रपट आला तेव्हा, म्हणजे ते गेल्यावर एकसष्ट वर्षांनी.

अर्थात सगळेच मातीत गेले असे नाही. जकार्ताला पहिला गोल करणारे पी. के. बॅनर्जी पुढे स्वतः नामांकित प्रशिक्षक झाले. कोलकात्याच्या ईस्ट बंगाल आणि मोहन बागान या दोन्ही हाडवैरी संघांना त्यांनी शिकवले, आणि दोन्हीकडच्या लोकांनी त्यांच्यावर माया केली. मध्यंतरात ते खेळाडूंना असे काही बोलत की थकलेली पोरे पेटून उठत. जुलै १९९७ मध्ये या दोन संघांचा सामना पाहायला कोलकात्यात सव्वा लाखाहून जास्त लोक जमले होते. एकीकडे पी. के., दुसरीकडे अमल दत्त, असे दोन प्रशिक्षकांचेच ते द्वंद्व होते. पी. के. २० मार्च २०२० रोजी गेले, कोरोनाची धास्ती देशभर पसरलेली असताना. त्यांचे कप्तान चुनी गोस्वामी ३० एप्रिलला गेले, तेव्हा तर पुरी टाळेबंदी होती. ज्यांच्यासाठी एरवी रस्ते भरले असते, त्यांना लोकांनी घरात बसून निरोप दिला. त्या दिवसांत आपल्या जिल्ह्यातल्या किती घरांनी आपल्या माणसांना असाच दुरून निरोप दिला, हे तुम्ही जाणता. तेव्हा कळले की खांदा देणे ही नुसती रूढी नाही. ती न घडली तर माणसाच्या मनाला काटा टोचत राहतो.

आता या सगळ्याचे सार काढू. गुरूसाठी केलेला शोक तीन कामे करतो. एक, तो हिशेब मांडतो. गुरूने काय दिले ते त्या दिवशी सगळ्यांदेखत मोजले जाते. दोन, तो वैर विसरायला लावतो. एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे दोन संघांचे लोक त्या दिवशी शेजारी उभे राहतात. आणि तीन, तो एक प्रश्न विचारतो, की बाबांनो, आता हे पुढे कोण चालवणार? पहिली दोन कामे फुलांनी आणि शांततेने होतात. तिसरे काम मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी मैदानावर जाऊनच करावे लागते. फोटोला हार घातला, दोन भाषणे झाली, चहा झाला आणि फाटकाला कुलूप लागले, तर तो शोक तिथेच संपला.

आपल्या जिल्ह्याला ही गोष्ट नवी नाही. १९३७ साली वर्ध्यालाच शिक्षण परिषद भरली आणि तीतून नई तालीम निघाली. जे शिकायचे ते हाताने करून शिकायचे, हा तिचा गाभा. हाताला आलेली विद्या पुस्तकात राहत नाही, माणसाकडून माणसाकडेच जाते. मधला एक माणूस जरी आळसला तरी साखळी तुटते. खेळाची विद्या तशीच आहे.

म्हणून शिक्षक मंडळींना आणि गावातल्या जुन्या खेळाडूंना तीन सूचना कराव्याशा वाटतात. पहिली, गुरू जिवंत आहे तोवर त्याला मैदानावर आणा. २९ ऑगस्ट हा राष्ट्रीय क्रीडा दिन आणि ५ सप्टेंबर हा शिक्षक दिन. या आठवड्यात निवृत्त क्रीडाशिक्षकाच्या घरी दोन पोरे पाठवा, त्यांना खुर्ची द्या, गळ्यात शिट्टी द्या आणि एक सामना त्यांच्या शिट्टीवर होऊ द्या. शाल आणि नारळ नंतर दिले तरी चालते. दुसरी, शाळेत एक वही ठेवा. मास्तर कसे शिकवीत, कोणता खेळ घेत, रुसलेल्या पोराला कसे परत आणीत, हे जुन्या विद्यार्थ्यांनी चार चार ओळींत तीत लिहावे. तिसरी, मास्तर गेले तर त्यांच्या दिवशी सुट्टी देऊ नका. एक मिनिट शांत उभे राहा, शांत का उभे राहायचे ते पोरांना आधी समजावून सांगा, आणि मग डाव्या पायाचा एक सामना खेळवा. रहीमसाहेबांचे आणि तुमच्या मास्तरांचे, दोघांचेही ऋण त्यात थोडे फिटेल.

शेवटी माझ्या मास्तरांविषयी. गेल्या पोळ्यानंतर कामानिमित्त मी त्या शाळेवरून चाललो होतो. मैदानावर पोरे जमली होती, चेंडू मध्ये ठेवलेला होता, पण खेळ सुरू झालेला नव्हता. पोरे वाकून काहीतरी वेचत होती. जवळ जाऊन पाहतो तो गोटे! एक पोरगा ओंजळ भरून कुंपणाकडे चालला होता. मी विचारले, "किती झाले रे?"

"आठ. दोन राहिले."

"दहाच का?"

तो म्हणाला, "आमचे सर सांगतात. दहा म्हणजे दहा."

त्यांचे सर म्हणजे आमच्याच मास्तरांचा एक विद्यार्थी, आमच्यापेक्षा सात-आठ वर्षांनी लहान. त्या तिघांतला तो एक होता. अंत्ययात्रेला तिघेच होते खरे, पण एकाने तरी काम उचलले होते. मी पोरांना थांबवले आणि हे दहा गोट्यांचे खूळ मुळात कोणाचे, ते नाव सांगितले. पोरांनी ऐकून घेतले. त्यांना खेळायची घाई होती.

मग मीही खाली वाकलो. माझ्याकडे फार वर्षांचे गोटे बाकी होते.